तेवीस रविवारांचे आकडे

सर गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे त्यांच्या बायकोने कपाटाचं खालचं दार उघडलं आणि सव्वीस वह्या बाहेर काढल्या.

सर शाळेत गणित शिकवायचे. पण गावाला ते गणितापेक्षा नदीमुळे जास्त माहीत होते. रोज सकाळी सात वाजता ते जुन्या पुलावर जात, मधल्या खांबावर रंगवलेली पट्टी वाकून बघत आणि पाणी किती मीटरवर आहे ते वहीत लिहीत. तारीख, वार, आकडा. सव्वीस वर्षं हेच. कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणी विचारलंही नव्हतं.

आता विचारणारा भेटला होता. नद्यांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांच्या कानावर या वह्या गेल्या आणि ते थेट दारातच येऊन उभे राहिले. म्हणाले, "इतक्या सलग नोंदी या नदीच्या कुणाकडेच नाहीत. याचं पुस्तक झालं पाहिजे. दर महिन्याची सरासरी काढू, तक्ते करू. फक्त अशी पानं लावणारं कुणी मिळायला हवं."

"मी लावते की," ती म्हणाली.

तिचं कामच ते होतं. एका छापखान्यात ती तीस वर्षं गणिताच्या पुस्तकांची पानं लावत आली होती. आधी शिशाचे खिळे जुळवून, मग संगणकावर. छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. मूलबाळ नव्हतं, निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि संध्याकाळी घर खायला उठायचं.

वह्या संगणकात उतरवायला दहा महिने लागले. आकडे साडेनऊ हजारांच्या आसपास. दुपारच्या सुट्टीत ती वही उघडायची, पट्टी ठेवायची आणि वहीत असेल तसं, काही न बदलता, टाइप करत जायची. खरं सांगायचं तर तिचं आकड्यांकडे लक्षच नसायचं. ती अक्षर बघायची. सरांचा चार शेपटी लांबवणारा, आठ जरा कलंडलेला, आणि शून्य इतकं गोल की वाटावं नाणं ठेवून गिरवलंय. पावसाळ्यातल्या पानांवर शाई फुटलेली असायची. एका पानावर चहाचा गोल डाग होता. त्या पानाला तिने उगाचच दोन दिवस घेतले.

आकडे सगळे उतरवून झाले, तशी तिने ती फाइल गणिताच्या प्रोग्रॅमला दिली. सरासऱ्या तो काढणार होता आणि तक्ते पानावर बसतील अशा रूपात तोच बाहेर काढून देणार होता. पहिलं पान छापून हातात आलं आणि तिने कपाळाला हात लावला. जिथे वहीत २.५० होतं तिथे २.५. जिथे ३.०० होतं तिथे नुसता तीन. आणि सरासरीच्या जागी आकड्यांची आगगाडी, २.४३३३३३३३३३३३३३३३५. रकाना फाडून आकडा शेजारच्या रकान्यात शिरला होता.

तिने प्राध्यापकांच्या ओळखीने विद्यापीठातल्या गणितवाल्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, हा शेवटचा पाच कुठून आला हो? बाकी सगळे तीनच आहेत, आणि याचं मध्येच काय?"

मॅडम हसल्या. "मशीन आपल्यासारखं दहात मोजत नाही ना, म्हणून शेवटी जरा घसरतं. काळजी करू नका. ताई, आकडा वेगळा आणि आकड्याचं दिसणं वेगळं. कसं दाखवायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून त्याने त्याच्या मनाने दाखवलं. आपण त्याला नियम लिहून देऊ. आकडा पानावर निघाला की दशांशचिन्हानंतर दोनच स्थळं. कमी असतील तर शून्य भरायचं, जास्त असतील तर ती छाटायची."

नियम चार ओळींचा होता. तो लिहायला मात्र ताईला चार दिवस लागले, कारण एक कंस राहिला होता आणि मशीन त्या एका कंसासाठी अडून बसलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी पान निघालं. दशांशचिन्हं एकाखाली एक, दोरी धरल्यासारखी. प्रत्येक आकड्यामागे दोन स्थळं. तिने पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. सरांना दाखवावंसं वाटलं, आणि वळता वळता ती थांबली.

प्रुफं तपासायला मावशींकडे गेली. मावशी म्हणजे छापखान्याच्या जुन्या प्रुफरीडर. निवृत्त झाल्या तरी अवघड काम आलं की त्यांनाच बोलावणं जायचं. डोळ्यांत तेल घालून वाचायच्या, आणि चूक सापडली की समोर सख्खा भाऊ असला तरी सोडायच्या नाहीत. तीन आठवड्यांनी त्या गठ्ठा घेऊन ताईच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"अगं, बाकी सगळं ठीक आहे. पण ही एक वही बघ." त्यांनी अकरावी वही उघडली आणि शेजारी प्रूफ ठेवलं. "तू छापलंयस २.४०. वहीत आहे नुसतं २.४. शून्य नाही. म्हटलं, घाईत राहिलं असेल. पुढे बघते तर पुन्हा तेच. पुन्हा तेच. तेवीस ठिकाणी."

"शेवटी शून्यच तर आहे, म्हणून नसेल लिहिलं."

"बाकीच्या दिवशी लिहिलंय की! शुक्रवारी २.४०, शनिवारी २.४०, आणि मध्येच नुसतं २.४. आणि गंमत सांगू? तेवीसच्या तेवीस रविवार आहेत. तुझ्या नवऱ्याला रविवारी शून्याचा कंटाळा यायचा की काय?"

मावशी स्वतःच्याच विनोदावर हसल्या. ताईने वही पुढे ओढली. आधी वार पाहिले. मग पुठ्ठ्यावरचं साल पाहिलं.

ते साल ती विसरणं शक्य नव्हतं. त्या सालातले सात महिने ती या घरात नव्हती.

तेव्हा तिला मोठ्या शहरातल्या छापखान्यात बोलावणं आलं होतं. आक्का, म्हणजे तिची थोरली बहीण, त्याच शहरात राहायची. शाळा तिथेही होत्या, सरांना सहज नोकरी मिळाली असती. पण सर पुलावरून हलायला तयार नव्हते.

"नदी काय तुमच्यावाचून वाहायची थांबणार आहे?" ती म्हणाली होती.

"वाहील. पण मोजलेली नसेल."

शब्दाने शब्द वाढला. "मग नदीशीच संसार करा," असं म्हणून तिने बॅग भरली आणि आक्काकडे गेली. नोकरी धरली. वाटलं होतं, महिनाभरात येतील न्यायला. महिना गेला, दुसरा गेला. पत्र आलं तेही दोन ओळींचं. 'मी बरा आहे. तू बरी असशील.' सात महिन्यांनी तिचाच जीव राहिना, तशी ती आपल्या पायांनी परत आली. सर दारातच होते. म्हणाले, "आलीस? हातपाय धू, मी चहा टाकतो." बस, इतकंच.

त्यानंतर दोघं सुखाने राहिली, खोटं कशाला बोला. पण कधी वाजलं की तिच्या तोंडून हटकून निघायचं, "मी आपल्या पायांनी आले म्हणून! तुम्ही न्यायला आला नाहीत." सर यावर कधी काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसायचे. शेवटच्या आजारातही एकदा ती हे बोलून गेली होती, आणि ते बोलणं तिला तेव्हापासून टोचत होतं.

तिने प्राध्यापकांना फोन करून रविवारच्या आकड्यांचं सांगितलं.

"तेवीसच आहेत ना?" ते म्हणाले. "मग सरसकट दोन स्थळं राहू द्या. एकसारखं दिसेल."

"साहेब, त्यांनी जे शून्य लिहिलं नाही, ते मी कसं लिहू?"

मग प्राध्यापक म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. २.४० म्हणजे सेंटिमीटरपर्यंत मोजलेलं. २.४ म्हणजे अंदाज. तो फरक पुसला तर ते आमच्या शास्त्रात खोटंच. पण मग वाचक विचारणारच, की दर रविवारी अंदाज का? खाली टीप द्यावी लागेल. कारण कळेल का कुठून?"

कारण सांगू शकेल असा गावात एकच माणूस उरला होता. पुलाला लागून पाण्याचं पंपघर होतं आणि तिथे चाळीस वर्षं काम केलेले पंपवाले दादा आता मुलीकडे राहत होते. सरांची आणि त्यांची रोज सकाळची गाठ. ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घेऊन गेली. दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ऐकू कमी यायचं, नजर शाबूत होती.

"या वहिनी. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात."

तिने वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोटाने दाखवलं. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि मान डोलवली.

"हे आकडे माझे आहेत."

"तुमचे?"

"म्हणजे लिहिलेत मास्तरांनी, सांगितलेत मी. रविवारी ते नसायचे ना. मला म्हणायचे, दादा, सात वाजता जरा पट्टी बघून ठेवा. मला पंप सोडून पुलावर जाता यायचं नाही, मी खिडकीतून बघायचो. खिडकीतून मोठ्या रेघाच दिसतात, बारक्या कुठल्या दिसायला! मी आपला सांगायचो, दोन पॉइंट चार, दोन पॉइंट पाच. मी म्हणायचो, पुढे एक शून्य टाकून द्या, कोण बघतंय? तर म्हणायचे, तुम्हाला दिसलं नाही ना, मग नाही टाकायचं."

ताईने विचारलं, "आणि ते कुठे असायचे रविवारी?"

दादांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना वाटलं आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

"कुठे म्हणजे? तुमच्याकडेच की. साडेपाचची पहिली बस धरायचे. संध्याकाळी परत."

दादांची मुलगी पाणी ठेवून गेली. भांडं तसंच राहिलं.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक नाही?" दादा आवाज उतरवून म्हणाले. बहिऱ्या माणसाचा उतरवलेला आवाजही अंगणभर ऐकू येत होता. "मला वाटलं, नंतर तरी मास्तर बोलले असतील. पहिल्यांदा गेले ते तुम्हाला आणायलाच गेले. नवा सदरा घालून. तुमच्या बहिणीच्या घरासमोर घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा म्हणे. तिथे जाऊन उभे राहिले. तुम्ही वर गॅलरीत होतात, केस वाळवत. बहिणीशी काहीतरी बोलत मोठ्याने हसत होतात. परत येऊन मला म्हणाले, दादा, इतकी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ती तिथे बरी आहे. कशाला आपण जाऊन मोडता घालायचा?"

"आणि तरी पुन्हा जायचे?"

"दर रविवारी! पुरात रस्ता बंद होता तेवढेच रविवार गेले नाहीत. मी चिडायचो. म्हटलं, अहो, जायचं तर जिना चढा, नाहीतर जाऊ नका. हे काय अधांतरी? तर म्हणायचे, नुसतं बघून येतो. एकदा तर गंमतच. घड्याळवाल्याला संशय यायला लागला म्हणून हातातलं चालू घड्याळ काढून त्याला दुरुस्तीला दिलं!"

दादा हसले, आणि तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

"तुम्ही परत आल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, आता तरी सांगा. तर म्हणाले, गेलो होतो म्हणून सांगितलं, आणि वर का नाही आलात असं तिने विचारलं, तर काय उत्तर देऊ?"

घरी परतताना ती पुलावरून गेली नाही. लांबच्या रस्त्याने गेली. गॅलरीत केस वाळवल्याचं तिला आठवत होतं, ते ती रोजच करायची. पण ते हसणं काही केल्या आठवेना. कशावर हसलो असू? आक्काच्या शेजारणीची नक्कल केली असेल, नाहीतर आणखी काही फालतू. ज्या हसण्याने तो माणूस जिना न चढता परत गेला, ते हसणं तिच्या लेखी इतकं क्षुल्लक होतं की त्याचा मागमूसही उरला नव्हता. आणि ते सात महिने ती रात्रंदिवस जिन्यावरच्या पावलांकडे जिवाचा कान करून बसली होती, हे त्याला खालून कसं दिसणार!

सोमवारी तिने मॅडमना फोन लावला आणि म्हणाली, "मला तो दोन स्थळांचा नियम मोडायचाय. वहीत जितकी स्थळं असतील तितकीच पानावर यायला हवीत."

"तेच जरा अवघड आहे. मशीनला २.४ आणि २.४० एकच. फाइल आत घेतानाच त्याने ते शून्य टाकून दिलंय. आता त्याला कितीही विचारा, ते सांगू शकणार नाही. तुमची मूळ टाइप केलेली फाइल आहे?"

"आहे. अक्षर न अक्षर."

"मग झालं. आकडे आत घेताना आधी अक्षरं म्हणून घ्या. चिन्हानंतर किती स्थळं आहेत ती मोजा आणि ती संख्या आकड्याच्या शेजारी जपून ठेवा. हिशेबाला आकडा वापरा, पानावर छापताना ती संख्या."

हे काम नऊ दिवस चाललं. पहिल्या खेपेला सगळे आकडे उजवीकडे सरकले आणि एकच स्थळ असलेल्यांची दशांशचिन्हं रेषेबाहेर गेली. मग तिने नियमात आणखी एक ओळ घातली. स्थळ कमी असेल तिथे शून्याच्या रुंदीची कोरी जागा सोडायची. दहाव्या दिवशी पान निघालं. दशांशचिन्हं पुन्हा एका रेषेत. फक्त दर सातव्या ओळीला शेवटी एका आकड्याएवढी जागा पांढरी. मावशींनी ते वहीशी ताडून पाहिलं, खाली सही केली आणि ताईच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

टीप तिने स्वतः लिहिली. प्राध्यापकांनी ती जशीच्या तशी ठेवली: 'या दिवसांच्या नोंदी पंपघराच्या खिडकीतून, डोळ्यांच्या अंदाजाने घेतल्या आहेत. निरीक्षक गावाबाहेर होते.'

पुस्तक आलं. प्राध्यापकांनी विद्यापीठात छोटा समारंभ केला, चार माणसं छान बोलली. पुढच्या रविवारी तिने एक प्रत पिशवीत घातली आणि साडेपाचची पहिली बस धरली.

तीन तासांचा रस्ता होता. शहर पार बदललं होतं, पण आक्काची गल्ली तशीच अरुंद. घड्याळवाल्याच्या जागी आता चपलांचं दुकान होतं. अजून उघडलं नव्हतं. ती त्याच्या बंद दारापाशी उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. गॅलरी वाटत होती तितकी उंच नव्हती. हाक मारली असती तर सहज ऐकू आली असती. साधी हाक, आवाज न चढवता.

किती वेळ गेला कोण जाणे. वर दार उघडलं आणि टॉवेल झटकायला आक्का बाहेर आली.

"अगं, तू? तिथे काय करतेस उभी? वर ये की!"

ती वर गेली. जिना सतरा पायऱ्यांचा होता. आक्काने पाणी दिलं, काय झालं म्हणून विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. रविवार, बस, घड्याळ. ऐकता ऐकता आक्का मान खाली घालून टॉवेलच्या घड्या करत राहिली. एक झाली की मोडायची, पुन्हा करायची.

"मला एकदा दिसला होता," शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"समोर उभा होता. मी पाहिलं, त्याने पाहिलं. मला वाटलं आता येईल वर. मी चहाचं आधणसुद्धा ठेवलं. पुन्हा बघते तर नाही."

"आक्का, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली होतीस, त्याचं नाव काढलंस तर मी दुसरीकडे खोली घेईन. मी घाबरले. आणि म्हटलं, ज्याला न्यायचंय तो चढेल की चार पायऱ्या. मला काय माहीत दर रविवारी येतोय!" आक्काचे डोळे भरून आले. "माझं चुकलं गं."

ताईला राग यायला हवा होता. बसमध्ये तिने दोघातिघांवर रागावून पाहिलं होतं, सरांवर, दादांवर, स्वतःवर. पण समोर पंचाहत्तरीची बहीण टॉवेल हातात धरून रडत होती. तिने तो टॉवेल काढून घेतला आणि त्यानेच आक्काचे डोळे पुसले.

"दाखव मला," ती म्हणाली. "नेमका कुठे उभा होता?"

दोघी गॅलरीत गेल्या. आक्काने बोट दाखवलं. "तिथे. दिव्याच्या खांबाच्या अलीकडे."

"तिथे तर ऊन येतं."

"हो ना. पलीकडे सावली होती, पण सरकला नाही. सावलीतून गॅलरी दिसत नाही ना."

दुपारी जेवून ती निघाली. राहा म्हणून आक्काने खूप आग्रह केला, पण तिला घरी जायचं होतं. चारच्या बसला गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली आणि पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. दोन थांबे गेल्यावर एक बाई चढल्या आणि पिशवीकडे बघून थबकल्या.

"इथे कुणी येतंय का?"

ताईने वर पाहिलं. मग शेजारच्या जागेकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा ना."